हॅरोकोमचं अपुरं तळं

विषय : हॅरोकोम हाउस, वरच्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीतील अपुरे भरतकाम पुरे करण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा याच विषयावरील अर्ज व त्यानंतरचे स्मरणपत्र.

वरील विषयास अनुसरून सांगायचं ते असं... पण आधी तो दिवा जरा माझ्याकडे सरकवा. हल्ली उजेड कमी पडतो.

सुरुवात अशी केली म्हणून हसू नका. जिल्ह्याच्या नियोजन कचेरीत मी आयुष्य काढलं. लोक अर्ज करायचे, की आमच्या जुन्या घराला एक खिडकी पाडू द्या. आणि मी त्यांना अतिशय नम्र भाषेत कळवायचो, की घराचं जुनेपण हेच त्याचं महत्त्व असल्यामुळे आत राहणाऱ्यांची सोय पाहता येत नाही. असली पत्रं लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. आता तसलंच पत्र मला यायचं आहे आणि मी त्याची वाट पाहतो आहे.

निवृत्तीनंतर मी हॅरोकोम या पाहुण्यांना खुल्या असलेल्या जुन्या घरात स्वयंसेवक झालो. आमच्याकडे निवृत्त माणसाला दोनच वाटा असतात : स्वतःच्या बागेतलं तण उपटणं, नाहीतर दुसऱ्याच्या घरात बसून राहणं. तणाशी माझं कधी पटलं नाही. हॅरोकोम बांधलं व्हेंट्री नवरा-बायकोनं. यंत्रावर केलेल्या वस्तूंनी माणसाचा आत्मा कुजतो, असं दोघांचं ठाम मत होतं. म्हणून त्या घरातली प्रत्येक बिजागरी, प्रत्येक कडी, प्रत्येक चमचा हातानं घडवलेला. या सगळ्याचा खर्च व्हेंट्रींच्या आजोबांच्या कापडगिरणीतून निघाला, हे आम्ही पाहुण्यांनी विचारल्याशिवाय सांगत नाही.

हेस्टर व्हेंट्रीबाईंनी वरच्या खोलीच्या खिडकीत बसून समोरची बाग लिननवर भरायला घेतली. कुंपणाच्या झाडांतून कातरलेले मोर, विटांची वाट, डेल्फिनियमच्या निळ्या फुलांचे ताटवे, सगळं जसंच्या तसं. लोकर घरीच रंगवायची. मंजिष्ठेच्या मुळातून लाल, अक्रोडाच्या सालीतून तपकिरी, नीळ भिजवून निळा. सगळी बाग भरून झाली आणि टोकाचं तळं राहिलं. पाण्याचा रंग कुठल्याच मुळातून, सालीतून, पानातून निघेना. शेवटी बाईंनी स्वतःचे केस कापून सुईत ओवून पाहिले, असं आम्ही सांगतो. पाहुण्यांना ही गोष्ट फार आवडते. बायका एकमेकींकडे पाहतात, पुरुष डोक्यावरून हात फिरवतात. तळ्याच्या काठाला काळ्या केसांचे टाके आहेत खरे, आणि त्यांच्या आत थोडे बदामी. त्यापुढे कोरं कापड. बाईंनी सुई जिथे टोचून ठेवली तिथेच ती आहे, गंजून कापडाला धरलेली. ती काढायची नाही. अपुरेपणा हेच त्या भरतकामाचं महत्त्व आहे, असं घर सांभाळणाऱ्या संस्थेनं लिहून ठेवलंय. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं.

चौकटीसमोर बाईंची ओकची खुर्ची. तिच्या बैठकीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं असतं. ही आमच्या जुन्या घरांतली रीत. 'बसू नये' अशी पाटी लावणं असभ्य दिसतं. त्यापेक्षा काटे ठेवावेत. मग कोणी बसलंच, तर ते त्याचं आणि काट्यांचं आपसातलं.

आता बेरिल. माझी मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी तिच्याकडे राहतो. शाळेच्या खानावळीत पोरांना बटाट्याचा लगदा वाढण्यात तिची सगळी नोकरी सरली. शिवणाटिपणाशी तिचं हाडवैर. बटण तुटलं तर पिन लावायची, आणि पिन हरवली तर सदरा टाकून द्यायची. तिचा थाट एकच, केस. चांदीसारखे पांढरे, कमरेखाली रुळणारी वेणी.

"केस वाटत होते तेव्हा तू रांगेत नव्हतास," असं ती चारचौघांत म्हणायची. "तुझ्या वाट्याला नुसते निळे डोळे आले. तेसुद्धा काचेमागे."

हंगामाच्या शेवटच्या रविवारी मी तिला हॅरोकोम दाखवायला नेलं. ऑक्टोबर संपत आला होता. तळ्यावरून धुकं उठून वाटेवर आलं होतं आणि कातरलेले मोर त्यात गळ्यापर्यंत बुडाले होते. माझी पाळी वरच्या खोलीत. बेरिल काठी टेकत, धापा टाकत वर आली.

"काय पायऱ्या आहेत या. एक उंच, एक ठेंगणी."

"हातानं केल्यात."

"मग पायांचा विचार कोणी करायचा?"

मी माझी कॅनव्हासची घडीची खुर्ची पुढे केली. तिनं त्या खुर्चीकडे लगदा नको म्हणणाऱ्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं.

"यात बसले तर उठवायला बंबवाले बोलवावे लागतील. ती दे, हात टेकायला असलेली."

"तिच्यावर बसायचं नसतं."

"का, राजा येणार आहे?"

"बेरिल, नियम आहे."

"नॉर्मन, गुडघा आहे."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सबंध आयुष्यात मी कुणाला एक खिडकी पाडू दिली नाही. त्या दिवशी मात्र मी ते बोंड उचललं. काटे बैठकीच्या कापडात रुतले होते. सुटताना चर्र असा आवाज झाला. बेरिल बसली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाली, "हं. बाईला बसायचं कळत होतं."

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून मिसेस ऑलवुडनी मला हाक मारली. त्या आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या. उन्हाळ्यातसुद्धा लोकरीची टोपी कानांवर ओढून बसणाऱ्या. घर थंड, म्हणून कुणाला त्याचं नवल नव्हतं. एका पाहुण्याला शेगडीच्या फरशांबद्दल काही विचारायचं होतं. असे लोक विचारायला येत नाहीत, सांगायला येतात. मी बराच वेळ मान हलवली. मग माझ्या लक्षात आलं, की शेजारून एक आवाज येतोय.

सर्र... मग थोडं थांबून पुन्हा. सर्र...

ताणलेल्या कापडातून लांब दोरा ओढला की होतो तसा.

मी परत आलो. पडदे अर्धे खाली होते आणि खिडकीत धुक्याचा पांढरा उजेड साचला होता. खोलीत ओल्या लोकरीचा वास होता, मेंढरांच्या चरबीचा, आणि त्याखाली आणखी एक, केस जळाल्यासारखा. बेरिल ताठ बसली होती. ती कधी ताठ बसत नाही. चौकटीपासून हातभर अंतरावर तिचा उजवा हात हवेत वर जात होता, थांबत होता, खाली येत होता. बोटांच्या चिमटीत काहीच नव्हतं.

"बेरिल..."

"थांब. उजेड आहे तोवर..."

आवाज तिचाच होता. बोलण्याची ढब मात्र खानावळीतली नव्हती.

खाली घर बंद करण्याची घंटा झाली. तिचा हात मांडीवर पडला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. "झोप लागली की काय मला? तुझं काम भारी कष्टाचं आहे रे, नॉर्मन." मी बोंड परत ठेवलं. आपण काही पाहिलं नाही असं ठरवणं आमच्या कचेरीत शिष्टाचारात मोडायचं.

दुसऱ्या दिवसापासून बेरिल दुपारी चहाच्या सुमाराला स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीकडे वळवू लागली. दिवस उतरू लागला की हात वर जायचा, थांबायचा, खाली यायचा. दिवा लावला की थांबायची. विचारलं तर म्हणायची, "बाहेर बघत होते. बघायला बंदी आहे का?" मी घरातल्या खुर्च्यांवर काटेरी बोंडं ठेवून पाहिली. पाहुण्याची टोपी बाजूला ठेवावी तशी बेरिल ती बोंडं अलगद उचलून खिडकीत ठेवायची आणि बसायची.

आणि वेणी बारीक होत चालली. कंगव्यात केस नाहीत, उशीवर नाहीत, न्हाणीघराच्या जाळीत नाहीत. गळले असते तर कुठेतरी सापडले असते. एके सकाळी ती आरशासमोर वेणीचं टोक हातात धरून उभी होती. टोक कमरेच्या बरंच वर आलं होतं.

"तू कापतोस की काय झोपेत माझे केस? हेव्यानं?"

मी हसलो. ती हसली नाही. शाळेत तीनशे पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई ती. त्या सकाळी तिनं आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

नोव्हेंबरात आम्ही घर निजवतो. तसंच म्हणतात त्याला. पडदे पाडायचे, गालिचे गुंडाळायचे, सामानावर पांढऱ्या चादरी घालायच्या आणि वसंतापर्यंत दार लावून घ्यायचं. वरच्या खोलीत मी आणि मिसेस ऑलवुड होतो. त्यांनी ओकच्या खुर्चीवर चादर घातली, मग चादर उचलून तिच्या खाली बोंड नीट मधोमध ठेवलं आणि पुन्हा चादर सारखी केली.

"आता चार महिने कोणी पाहुणा यायचा नाही," मी म्हणालो. "कोणासाठी ठेवताय?"

"पाहुण्यांसाठी कधीच नव्हतं ते, मिस्टर पॅजेट."

मी भरतकामावरचं कापड सारखं करायला गेलो, आणि तिथेच थांबलो. गंजलेली सुई चकचकीत होती. ती जुन्या जागेवर नव्हती. तिच्या नेढ्यातून एक लांब पांढरा केस लोंबत होता आणि खोलीत वारा नसताना हळूहळू हलत होता. बदामी टाक्यांच्या आत चांदीच्या टाक्यांची रुंद पट्टी भरली गेली होती. धुक्यातलं पाणी दिसतं, अगदी तसं. इतकं सुंदर काम मी त्या घरात पाहिलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

"कोण बसलं होतं?" मिसेस ऑलवुडनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"माझी बहीण. मीच बसवली."

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि टोपी काढली. डोकं अंड्यासारखं गुळगुळीत होतं. भुवयासुद्धा पेन्सिलीनं काढलेल्या आहेत हे मला तेव्हा दिसलं.

"माझे बदामी होते," त्या म्हणाल्या. "नवी होते मी इथे. पाय दुखले म्हणून बसले... एवढंच."

"मग सुटलात कशा?"

"केस संपले."

"आणि मग?"

त्यांनी डावा डोळा माझ्याकडे वळवला. तो वळला, पण पाहत नव्हता. "मग तिनं डोळा पाहिला. तपकिरी. दोरा ओढून बघितला बहुधा, आणि पाण्याला चालेना म्हणून सोडून दिला. दुसरा मला ठेवला." त्यांनी टोपी पुन्हा कानांवर ओढली. "तुमच्या बहिणीचे कसे आहेत?"

"केस?"

"डोळे, मिस्टर पॅजेट."

बेरिलचे डोळे करडे आहेत. पावसाळी पाण्यासारखे.

त्याच आठवड्यात मी अर्ज केला. माझी बहीण श्रीमती बेरिल हिला संस्थेच्या देखरेखीखाली उरलेलं काम एकदाचं पुरं करू द्यावं, योग्य रंगाचा दोरा अर्जदार स्वखर्चानं आणून देईल. ते न जमल्यास सुई काढून टाकावी. खरी कारणं लिहिली असती तर अर्ज भलत्याच खात्याकडे गेला असता. म्हणून 'कौटुंबिक कारणास्तव' असं लिहिलं. हॅरोकोमचा व्यवस्थापक क्रिस्पिन म्हणून एक तरुण आहे, सभ्य आणि कायम गारठलेला. त्यानं मला चहा पाजला.

"नॉर्मन, तुम्हाला तर माहितीये. अपुरेपणा हेच—"

"महत्त्व आहे. हो. पण ते वाढतंय, क्रिस्पिन. जाऊन बघा."

"बघितलं मी. आधीच्या माणसानं तळ्याचं माप चुकीचं घेतलंय, दुसरं काही नाही. दुरुस्ती करतोय." मग तो जरा पुढे झुकला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

माप चुकलंय. तीस वर्षं मीही लोकांना हेच लिहीत आलो.

ख्रिसमसच्या आधी बेरिलची वेणी खांद्याला आली. बाहेर जाताना ती रुमाल बांधू लागली. एका दुपारी खिडकीत हात वर नेताना तिनं अचानक डोळे चोळले आणि म्हणाली, "धुकं आत आलं का रे?" बाहेर लख्ख ऊन होतं.

हिवाळ्यात आम्हा स्वयंसेवकांपैकी एकजण आठवड्यातून एकदा जाऊन खोल्यांतली दमट हवा मोजतो. मी पाळी मागून घेतली. दुपार उतरताना वरच्या खोलीत गेलो. चादरी घातलेलं सामान भिंतीला धरून उभं होतं. दवाखान्यात नाव पुकारण्याची वाट बघणारी माणसं उभी असतात तसं. मी ओकच्या खुर्चीवरची चादर काढली. बोंड उचललं. चर्र झालं. बसलो.

बराच वेळ काही झालं नाही. मला जरा अपमान झाल्यासारखंही वाटलं. मग मी बोललो. रिकाम्या खोलीत बोलायला जीभ लवकर वळत नाही, म्हणून कचेरीतल्या भाषेचाच आधार घेतला.

"बाई, विनंती अशी आहे, की बहिणीच्या जागी अर्जदारास घेण्यात यावे. माझ्याकडे केस नाहीत, हे दिसतच आहे. परंतु..."

ओल्या लोकरीचा वास आला. पाठीमागे लाकडी जमिनीवर स्कर्टची किनार घासत आली आणि माझ्या खुर्चीमागे थांबली. श्वास ऐकू आला नाही. मी मागे वळलो नाही; तेवढी हिंमत नव्हती.

थंड बोटांनी माझा चष्मा हळूच काढला. घाई नव्हती, राग नव्हता. एक दांडी मिटल्याचा आवाज झाला, टक्. मग दुसरी, टक्. मग हनुवटीखाली एक बोट लागलं आणि माझा चेहरा खिडकीकडे वळवला गेला... थोडा वर... थोडा डावीकडे. दुकानात बायका लोकरीचा गुंडा उजेडाला धरून पाहतात ना, तसा. किती वेळ पाहिलं कोण जाणे. शेवटी कानाशी कुणीतरी उसासा सोडला. आवडीचा रंग सापडला की बायका सोडतात, तसाच होता तो.

चष्मा मला खिडकीच्या कट्ट्यावर मिळाला. काचा पुसून ठेवलेल्या होत्या.

घरी आलो तेव्हा अंधारत होतं. बेरिल खुर्चीत पाय पसरून बसली होती, खुर्ची टेबलाकडे वळवलेली, आणि वैतागलेली होती.

"होतास कुठे? चहाची वेळ टळून गेली. मी काय भिंतीशी बोलू?"

त्यानंतर तिचा हात एकदाही हवेत गेला नाही. वेणी खांद्यापर्यंत आहे तेवढीच आहे. परवा तिनं त्यात रिबीन बांधली आणि मला तीनदा दाखवली. तीन वेळा मी सुंदर म्हणालो. रिबिनीचा रंग तिनं विचारला नाही ते बरं झालं.

मिसेस ऑलवुड मला चर्चच्या दारात भेटल्या. त्यांनी माझ्याकडे एका डोळ्यानं निरखून पाहिलं आणि माझं कोपर धरून मला पायरी उतरवली.

क्रिस्पिनचा मात्र उत्साह मावत नाही. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता.

"नॉर्मन, ते तुमचं तळं. मधोमध निळसर झाक वर आलीये. अप्रतिम. लिननमध्ये जुना रंग दडलेला असणार, दमट हवेनं वर आला. डेल्फिनियमसारखा निळा नाही हो, पाण्याचाच निळा. तुम्ही येऊन बघाच."

"येईन," मी म्हणालो. "किती भरलंय?"

"भरलंय म्हणजे? वर आलंय."

"किती वर आलंय?"

"निम्मं कोरं आहे अजून."

आज सकाळी संस्थेचा लिफाफा आला. मी तो खिडकीपाशी नेला, दिव्यापाशी नेला, पुन्हा खिडकीपाशी आणला. कागद पांढरा होता, वर काहीतरी मुंग्यांसारखं होतं. बेरिलनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आण इकडे. भिंगासाठी डॉक्टरकडे जा म्हणून किती दिवस सांगतेय." तिनं पत्र उघडलं, मग वाचायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. "नॉर्मन, तुझे डोळे असे पांढुरके कधी झाले?"

"वय झालं."

"वय माझंही झालंय." ती पत्राकडे वळली. "हे कसलं पत्र आहे? माझं नाव आहे यात. मी कशाला कुठे भरतकाम करायला जाऊ? मला बटण लावता येत नाही."

"कचेरीतली चूक असेल. वाच तू."

तिनं वाचून दाखवलं. आपला अर्ज व स्मरणपत्र मिळाले. विषय वस्तूच्या मूळ स्थितीशी संबंधित असल्याने तो समितीपुढे ठेवण्यात येईल. समितीची बैठक वसंतात आहे. तोपर्यंत अर्ज विचाराधीन आहे.